आकड्याचे भय : कुठून येते, कसे जाते

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात महिला मंडळाच्या वतीने केलेले भाषण. बोलण्याचा ओघ तसाच ठेवून छापले आहे.)



समितीने मला विचारले, ताई, यंदा तुम्ही कशावर बोलणार? मी म्हटले, आकड्यांवर बोलते. तर आमचे सेक्रेटरी हसायला लागले. त्यांचे हसणे बरोबर आहे. आज मी महिला मंडळाची खजिनदार आहे, पावती पुस्तक माझ्या पिशवीत असते. पण वीस वर्षांपूर्वीची मी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ठाऊक आहे की ही बाई दुकानदाराने दिलेले सुटे पैसे न मोजता पदराला बांधायची. रेशनच्या दुकानात, बँकेत, मुलांच्या शाळेत, कुठेही कागद पुढे आला आणि त्यावर रक्कम असली की मी म्हणायची, "सही कुठे करू तेवढं सांगा."

मी विद्वान नाही. नववीपर्यंत शिकले, दहावीला गणितात गेले आणि पुन्हा बसले नाही. तेव्हा पुस्तकातले कमी आणि स्वतःचे जास्त सांगणार आहे. जे पुस्तकातले आहे ते माझ्या मुलाने मला वाचून दाखवलेले आहे. तो शिक्षक आहे.

आधी ही भीती असते कशी ते सांगते, कारण ज्यांना ती नाही त्यांना वाटते की हा आळस आहे किंवा मंदपणा आहे. तसे नाही. आकडे दिसले की माझ्या घशाला कोरड पडायची. तळहाताला घाम यायचा. तीनशे सत्तावीस हा आकडा मला वाचता येत होता, पण कुणी समोर उभे राहून "बोला, किती झाले?" म्हटले की तेच तीन अंक पाण्यात हलल्यासारखे व्हायचे. घरी आल्यावर, कुणी नसताना, तोच हिशेब मला यायचा! म्हणजे डोके होते. डोक्याच्या दारात कुणीतरी उभे होते आणि आत जाऊ देत नव्हते.

मुलाने मला एक संशोधन वाचून दाखवले. २०१२ साली अमेरिकेत शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी ते प्रसिद्ध केले होते. ज्यांना गणिताची फार भीती वाटते अशा लोकांच्या मेंदूचे यंत्राने चित्र घेतले. गणित येणार आहे असा नुसता इशारा मिळाल्याबरोबर, शरीराला इजा होताना मेंदूचे जे भाग जागे होतात त्यातले काही भाग जागे झाले. पण गणित प्रत्यक्ष सोडवताना तसे झाले नाही. दुखत होते ते गणित येण्याआधी. मंडळी, हे ऐकून मी त्याला म्हटले, "अरे, हे मला आधी का नाही सांगितलंस?" माझे सगळे आयुष्य त्या आधीच्या दुखण्यात गेले होते.

आता ही भीती माझ्यात आली कुठून? जन्मतः कुणी आकड्याला भीत नाही. पुढे बसलेल्या त्या छोट्याला विचारा लाडू किती, तो बोटे दाखवील. भीती मागाहून येते. माझ्याकडे ती दोन दारांनी आली.

पहिले दार घराचे. आमचे लहानपण मुंबईतल्या चाळीत गेले, साल असेल १९७२ ते १९७५. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, गिरणीत कामाला होते. माणूस प्रेमळ. पण आमच्या घरात 'आकडा' या शब्दाचा अर्थ एकच होता, मटक्याचा आकडा. आज आकडा कोणता लागला, ओपन काय, क्लोज काय. स्वप्नात साप दिसला तर कोणता आकडा लावायचा आणि प्रेतयात्रा दिसली तर कोणता, याचे त्यांचे स्वतःचे शास्त्र होते. पगाराच्या दिवशी आई दारात उभी राहायची. दादांच्या चालण्यावरून तिला कळायचे. त्या रात्री मोठ्याने बोलणे, भांडी पडणे, आणि आई म्हणायची, "या आकड्यानं माझं घर खाल्लं." मी आठ-नऊ वर्षांची. मला मटका काय कळणार? मला एवढेच कळले की आकडा नावाचे काहीतरी आहे आणि ते घर खाते.

इथे एक गंमतही सांगते. आमच्या चाळीत 'मला हिशेब जमत नाही' म्हणणारी माणसे मटक्याची महिन्याभराची ओपन-क्लोज तोंडपाठ म्हणायची. तीन पत्त्यांची बेरीज करून शेवटचा अंक काढणे त्यांना क्षणाचे काम. म्हणजे गणित येत होते! नव्हता केला तो एकच हिशेब. शून्य ते नऊ असे दहा आकडे. एका आकड्याला रुपया लावला आणि लागला तर नऊ रुपये मिळायचे. दहाच्या दहा आकड्यांना एकेक रुपया लावा, म्हणजे तुमचा आकडा लागणारच. खर्च दहा, हातात नऊ. नशीब सोबत असो की नसो, दहा रुपयांमागे एक रुपया चालवणाऱ्याच्या गल्ल्यात. हे दादांना कुणी कागदावर मांडून दाखवले नाही, आणि दाखवले असते तरी त्यांनी ऐकले असते की नाही, मला शंका आहे. आशा माणसाला ऐकू देत नाही.

दादांचे काही आकडे शुभ होते आणि काही अशुभ. तीन तर घरात चालायचाच नाही. तीन तिगाडा काम बिगाडा! ताटात तीन चपात्या वाढायच्या नाहीत, तिघांनी मिळून बाहेर पडायचे नाही. ही दुसऱ्या जातीची आकड्याची भीती, आणि ती सगळ्या जगात आहे. युरोप-अमेरिकेत तेराला भितात. आपल्याकडे चंदीगड शहर नव्याने वसवले तेव्हा सेक्टर बारानंतर एकदम चौदा आला. कित्येक वर्षे तेरा नव्हताच, २०२० साली शेजारच्या मनीमाजऱ्याला तो क्रमांक दिला गेला. चीन आणि जपानमध्ये चारला भितात, कारण त्यांच्या भाषेत 'चार' आणि 'मृत्यू' या शब्दांचा उच्चार जवळजवळ सारखा आहे. काही इमारतींत चौथा मजलाच नसतो, म्हणजे असतो, पण त्याला पाचवा म्हणतात. आता विचार करा. त्याच देशांत आपले लाखो धम्मबंधू आहेत, आणि ते श्रद्धेने चार आर्यसत्ये शिकतात. त्यांच्या विहारात चार हा आकडा ज्ञानाचा आणि लिफ्टमध्ये तोच आकडा मरणाचा! आकडा तोच आहे. चिकटवलेली चिठ्ठी वेगळी.

तेरावाले लोक अपोलो १३ यानाचे उदाहरण हटकून देतात. ११ एप्रिल १९७० रोजी, तिथल्या नियंत्रण केंद्राच्या घड्याळात तेरा वाजून तेरा मिनिटांनी ते यान चंद्राकडे निघाले आणि १३ तारखेला त्यातली ऑक्सिजनची टाकी फुटली. झाले, तेराने केले! पण चौकशी समितीने काय शोधले? टाकीच्या आत तापमान वाढल्यावर वीज बंद करणारे छोटे स्विच होते. ते २८ व्होल्टला चालणारे होते आणि जमिनीवर चाचणी घेताना त्यांना ६५ व्होल्ट दिले गेले. स्विच चिकटले, टाकी आत तापली, तारांवरचे आवरण जळाले. उडण्याच्या आधीच बिघाड झालेला होता. यानाला बारा नंबर दिला असता तरी ती टाकी फुटलीच असती. आणि यानात माणसे किती होती? तीन. तेराही आणि तीन तिगाडाही! तरी तिघेही १७ एप्रिलला जिवंत परत आले, कारण जमिनीवरच्या लोकांनी आणि त्यांनी रात्रंदिवस पाण्याचा, हवेचा, विजेचा हिशेब केला.

आपल्याकडे तर आकड्याचे वावडे असण्याचे कारणच नाही. तीन शरण, चार आर्यसत्ये, पाच शीले, आठ अंगांचा मार्ग, दहा पारमिता, बारा निदाने. लिहिण्याची सोय नव्हती तेव्हा भिक्खूंनी मोजून मोजून धम्म लक्षात ठेवला. अंगुत्तर निकाय हा अख्खा ग्रंथ एकच्या गोष्टी, दोनच्या गोष्टी असा अकरापर्यंत आकड्यांनी लावलेला आहे. बाळांनो, तुम्ही पंचशील म्हणता तेव्हा मोजताच की नाही?

असो. मी माझ्या दुसऱ्या दारावर येते. ते शाळेचे.

पाचवीत असताना गुरुजींनी मला फळ्यापुढे उभे केले. साताचा पाढा. सात पंचे पस्तीस, सात सक बेचाळीस, आणि पुढे गाडी अडली. खरे तर मला येत होता. पण आदल्या रात्री घरी तमाशा झाला होता आणि झोप नव्हती. गुरुजी म्हणाले, "बस खाली. तुमच्या डोक्यात हे शिरायचं नाही." त्यांनी 'तुझ्या' म्हटले असते तर मी विसरले असते. ते 'तुमच्या' म्हणाले. वर्गात आम्ही चार जण होतो, ज्यांना ते 'तुमच्या' लागले. शाळेचे नाव मी घेत नाही, गुरुजी आता हयातही नसतील. पण त्या दिवसापासून सात साते म्हटले की मला एकोणपन्नास आठवायच्या आधी तो आवाज आठवायचा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. पुढे चाळीस वर्षे मी स्वतःच स्वतःला सांगत राहिले, आपल्या डोक्यात हे शिरायचे नाही.

भीती वाटली की माणूस काय करतो? टाळतो. टाळले की त्या क्षणी बरे वाटते, म्हणून पुढच्या वेळी आणखी लांबून टाळतो. न केल्यामुळे येईनासे होते आणि येत नाही म्हणून भीती वाढते. लग्न झाले, मिस्टरांना हिशेब चांगला. मी सगळे त्यांच्यावर सोपवून मोकळी झाले. २००९ साली ते गेले. कपाटात एक फाइल होती, पासबुके, विम्याचे कागद, पावत्या. मी ती फाइल सहा महिने उघडली नाही. लोकांना वाटले दुःखामुळे. दुःख होतेच, पण मी आकड्यांना भीत होते हे मी आज पहिल्यांदा सगळ्यांपुढे सांगते.

२०११ साली मुलाच्या डी.एड.साठी मी कर्ज घेतले. एका खाजगी माणसाकडून, नाव घेत नाही. तो म्हणाला, "ताई, महिना फक्त एक टक्का. बँकेसारखंच समजा." मी सही केली. यात काय झाले ते फळ्यावर मांडते. मंडळाच्या भगिनींनी नीट लक्ष द्या, कारण हे तुमच्या-माझ्या घरातले आहे. हिशेब सोपा जावा म्हणून रक्कम बारा हजार धरू.

बारा हजार घेतले, मुदत बारा महिने. तो म्हणाला, बारा हजारावर महिना एक टक्का म्हणजे एकशे वीस रुपये. बारा महिन्यांचे चौदाशे चाळीस. एकूण तेरा हजार चारशे चाळीस, महिना हप्ता अकराशे वीस. ऐकायला सरळ आहे की नाही? आता इकडे पाहा. दर महिन्याला मी मुद्दलातले एक हजार परत करते आहे. पहिल्या महिन्यात माझ्याकडे बारा हजार होते, व्याज एकशे वीस, कबूल. दुसऱ्या महिन्यात माझ्याकडे उरले अकरा हजार. व्याज एकशे दहा व्हायला हवे. तिसऱ्यात शंभर. असे उतरत शेवटच्या महिन्यात माझ्याकडे फक्त एक हजार, व्याज दहा रुपये. एकशे वीस, एकशे दहा, शंभर, असे दहापर्यंत सगळे मिळवा. सातशे ऐंशी होतात. आणि मी दिले चौदाशे चाळीस. सहाशे साठ रुपये जास्तीचे कशाचे? जे पैसे मी परत करून टाकले होते, त्यांच्यावरचे व्याज! शेवटच्या महिन्यात माझ्या हातात हजार रुपये होते आणि व्याज मी बारा हजारांचे भरत होते. नावाला वर्षाला बारा टक्के, पण खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो.

यात मोठे गणित कुठे आहे? दहा-दहा कमी करत जायचे आणि बेरीज करायची. हे चौथीतले मूल करील. मी करू शकले नाही असे नाही, मी त्याच्याकडे पाहिलेच नाही. त्या माणसाला माझ्या भीतीचा भाव ठाऊक होता.

आता कायद्याने थोडी सोय झाली आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्त कंपन्यांनी नवीन किरकोळ कर्ज देताना 'की फॅक्ट स्टेटमेंट' नावाचे पत्रक कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यायचे आहे. त्यात सगळे आकार धरून वर्षाचा खरा दर किती ते लिहिलेले असते. तो आकडा मागा. मात्र गल्लीतल्या सावकाराला हे पत्रक माहीत नाही, आणि माहीत असले तरी तो देणार नाही. तिथे आपली दहा-दहाची बेरीजच कामाची.

बाबासाहेबांनी लंडनमध्ये रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला, १९२३ साली त्याचा ग्रंथ निघाला. आपण त्यांचा फोटो घरात लावतो आणि त्याच फोटोखाली बसून न वाचता कर्जाच्या कागदावर सही करतो. हे मी दुसऱ्या कुणाला नाही, मला म्हणते आहे.

मग माझी भीती गेली कशी? तर माझ्या नातीमुळे. २०१९ साली ती दुसरीत होती. शाळेतून आली ती रडत. पंचवीस लिहायला सांगितले तर तिने बावन्न लिहिले होते. मी तिला जवळ घेतले आणि बोलून गेले, "जाऊ दे बाळा, आपल्या घरात गणित कुणालाच येत नाही." माझ्या मुलाने ते ऐकले. तो माझ्यावर कधी आवाज चढवत नाही, त्या दिवशी चढवला. म्हणाला, "आई, तुझ्या गुरुजींनी तुला जे दिलं तेच तू तिला देतेयस."

मी गप्प झाले. रात्रभर मला झोप आली नाही.

मग त्याने मला समजावले. पोरीचे चुकले कुठे? आपली मराठी पाहा. पंचवीस म्हणताना आपण आधी पाच म्हणतो आणि मग वीस. लिहिताना आधी दोन, मग पाच. पोरीने ऐकले तसे लिहिले! एकोणतीस म्हणजे एक कमी तीस, लिहायचे मात्र दोन आणि नऊ. एकोणचाळीस, एकोणपन्नास करत एकोणनव्वदपर्यंत ती रीत चालते आणि मग अचानक नव्याण्णव. तिथे 'एकोणशंभर' का नाही, हे कुठलेही शहाणे मूल विचारील. त्याच वर्षी बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' अशी वाचायची सोपी पद्धत दिली होती. गणिताच्या समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. त्यावर केवढा गदारोळ झाला आठवतो का? मीही हसले होते. पण नातीने 'वीस पाच' म्हणून पाहिले आणि पंचवीस बरोबर लिहिले, तेव्हा माझे हसणे बंद झाले. मुलाला जे अवघड वाटते त्याला कारण असते. ते कारण शोधायच्या आधीच आपण 'मठ्ठ' म्हणून मोकळे होतो.

आईवडिलांसाठी आणखी एक सांगते. शिकागोच्याच संशोधकांनी २०१५ साली पहिली-दुसरीच्या मुलांवर अभ्यास केला. ज्या आईवडिलांना स्वतःला गणिताची भीती होती आणि जे मुलांच्या गृहपाठात वरचेवर मदत करत होते, त्यांची मुले वर्षभरात गणित कमी शिकली आणि त्यांची भीती वाढली. आपण मायेने बसतो, पण आपला सुस्कारा, आपले "अरे देवा, आता भागाकार!" हे मूल टिपते. म्हणून मदत करू नका असे नाही. आधी आपला सुस्कारा आवरा.

मुलाने मला गणित शिकवायला घेतलेच नाही. तो म्हणाला, रोज संध्याकाळी दहा मिनिटे आकड्यांपाशी बसायचे, बस. पहिला आठवडा फक्त वाण्याचे बिल मोठ्याने वाचायचे. बेरीज करायची नाही, नुसते वाचायचे. घाम आला तर येऊ द्यायचा, पण कागद खाली ठेवायचा नाही. चार-पाच दिवसांत माझ्या लक्षात आले की घाम सुरुवातीला येतो आणि कागद धरून बसले की आपोआप ओसरतो. मग दोन ओळींची बेरीज. नातीला सोबत घेतले, ती मला तपासायची. ती मला "आजी, चूक!" म्हणायची आणि मी म्हणायची, "दाखव कुठे?" चूक या शब्दातला काटा तिथे गेला. मग पासबुक. आणि तीन महिन्यांनी मिस्टरांची फाइल मी स्वतः उघडली. त्यात एक पॉलिसी निघाली, तिचे पैसे मिळायचे राहून गेले होते. रक्कम मोठी नव्हती. पण मी ती कागद वाचून, खिडकीवर उभी राहून, "पुन्हा सांगा, मला कळलं नाही" असे तीनदा म्हणून मिळवली. मागे रांग होती. एक गृहस्थ कुरकुरलेसुद्धा. कुरकुरू द्यात!

माझी आजी भाजी विकायची, तिला अक्षर येत नव्हते. सव्वा किलोचे किती, पावणेदोनचे किती, गिऱ्हाईक पिशवी उघडायच्या आत सांगायची. तिला पावकी, निमकी, सवायकी, दिडकी कुणी शिकवली नव्हती. मुलाने सांगितले की ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ-फळे विकणाऱ्या पोरांचा असा अभ्यास झाला होता, तो १९८५ साली प्रसिद्ध झाला. गाड्यावर विचारलेले हिशेब पोरांनी शंभरात अठ्ठ्याण्णव बरोबर सांगितले. तेच कागदावर नुसत्या आकड्यांत दिले तर शंभरात सदतीस. २०२५ साली कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातही हेच दिसले. म्हणून ज्या भगिनी म्हणतात "मला काही येत नाही", त्यांना मी विचारते, मंडईत तुम्हाला कुणी दोन रुपयांना फसवून दाखवले आहे का?

एक सांभाळून सांगते. सगळ्या मुलांचे दुखणे भीतीचे नसते. काही मुलांना आकडे समजण्यातच जन्मतः अडचण असते, त्याला डिसकॅल्क्युलिया म्हणतात. तपासणी करून दाखला मिळाला तर परीक्षेत सवलती आहेत. तसेच कुणाला आकड्यांची भीती इतकी असेल की कामधंदा अडतो, झोप जाते, ठरावीक आकडा दिसला की घराबाहेर पडवत नाही, तर ते चेष्टेवारी नेऊ नका. मानसोपचाराची मदत घ्या. सरकारची टेली-मानस ही फुकट सेवा २०२२ पासून आहे, नंबर १४४१६. मराठीत बोलता येते. हा आकडा मात्र पाठ करून ठेवा.

आणि तीन तिगाड्याचे काय? मागच्या महिन्यात आम्ही तिघी बचत गटाच्या कामाला निघालो. एक ताई म्हणाल्या, चौथीला बोलवा, तीन नको. मी म्हटले, त्रिशरण म्हणून निघालोय ना? चला. गेलो. बस चुकली, साहेब जेवायला गेले होते, दोन तास बसावे लागले. त्या ताईंनी माझ्याकडे असे पाहिले! मी म्हटले, अहो, दुपारी दीड वाजता गेलो तर चौघींनासुद्धा साहेब जेवायलाच गेलेले दिसणार. काम त्याच दिवशी झाले.

वेळ संपत आली, सेक्रेटरी घड्याळ दाखवत आहेत. तोही आकडाच, पण मी आता घाबरत नाही. दादा आज असते तर मी त्यांना दहाचे नऊ कसे होतात ते फळ्यावर मांडून दाखवले असते.

पुढच्या रविवारपासून वंदना झाल्यावर अर्धा तास मी आणि माझा मुलगा इथेच मागच्या खोलीत बसणार आहोत. पासबुक आणा, कर्जाचा कागद आणा, विजेचे बिल आणा, पोराचे प्रगतिपुस्तक आणा. कुणाला हसणार नाही, कुणाची रक्कम बाहेर सांगणार नाही. पुरुष मंडळींनीही यायला हरकत नाही, तुमच्यातले किती जण न वाचता सही करतात ते मला ठाऊक आहे. आणि चष्मा विसरू नका, मागच्या खोलीत उजेड कमी आहे.

जय भीम!